प्रतिसाद: मतदार, विवेक आणि मधला व्हिप

आमदार-खासदारांनी मतदारांचं ऐकावं की स्वतःच्या बुद्धीने मत द्यावं, या वादात दोन्ही बाजू गृहीत धरतात की निवड लोकप्रतिनिधींच्या हातात आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं आणि ती निवड बरीचशी गेली. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं, आधी परवानगी नसेल आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. निकाल सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती देतात, आणि तिथेच अपात्रतेच्या याचिका रेंगाळतात.

व्हिपचेही, म्हणजे या पक्षादेशाचेही, प्रकार आहेत. मजकुराखाली एक रेघ म्हणजे मतदान आहे एवढी सूचना, दोन म्हणजे हजर राहा, तीन म्हणजे हजर राहून पक्ष सांगेल तसंच मत द्या. अडचण अशी, की कायद्यात विषयाची मर्यादाच नाही. सरकार टिकवण्याचा प्रश्न असो की एखादं शेतीविषयक विधेयक, शिक्षा तीच. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने अपात्रता विश्वास-अविश्वास ठरावासारख्या मतदानापुरती ठेवा असं सुचवलं होतं. मला तोच मार्ग पटतो. घोडेबाजार रोखायला तेवढं पुरेसं आहे.

शिवाय बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कुणी काय मत दिलं याची नोंदच उरत नाही, मग मतदार जाब कशाचा विचारणार? एरवी सदस्याने मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवणारं मतदान, मागितली तरच सहसा नावं कळतात. आपल्या आमदाराकडे पहिली मागणी हीच करा: महत्त्वाच्या विधेयकावर मतविभागणी मागा.