नावडत्या अशिलाला नकार देण्याची मुभा बॅरिस्टरला असावी का?

धागाकर्ता: इंग्लंडमध्ये स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या बॅरिस्टरला, म्हणजे कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाला, ‘कॅब-रँक’ नियम पाळावा लागतो. थांब्यावरच्या टॅक्सीवाल्याने प्रवासी निवडायचा नाही, तसेच सॉलिसिटरने (अशिलाचे काम हाती घेऊन बॅरिस्टर नेमणाऱ्या वकिलाने) आणलेले काम आपल्या अनुभवाच्या कक्षेतले असेल, हाताशी वेळ असेल आणि फी रास्त असेल, तर केवळ अशील नावडता आहे म्हणून ते परतवायचे नाही. मार्च २०२३ मध्ये शंभरावर वकिलांनी, ज्यांत बॅरिस्टरही होते, नव्या खनिज इंधन प्रकल्पांना साहाय्य करणार नाही आणि शांततेने आंदोलन करणाऱ्या पर्यावरणवाद्यांविरुद्ध खटले चालवणार नाही, असे जाहीर केले. मला त्यांचे पटते. काळा झगा चढवला म्हणून सदसद्विवेक खुंटीला टांगावा का?

जुना वकील: अजिबात पटले नाही. १७९२ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’चा लेखक टॉमस पेन याच्यावर राजद्रोही लिखाणाचा खटला झाला, तेव्हा थॉमस अर्स्किन यांनी त्याचे वकीलपत्र घेतले आणि त्यापायी युवराजांच्या ॲटर्नी जनरलचे (कायदा सल्लागाराचे) पद गमावले. (पेन तेव्हा फ्रान्सला निघून गेला होता, आणि खटला हरलाच.) वकीलच अशिलाला दोषी ठरवू लागला, तर न्यायाधीशाने काय करायचे, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे २००८ च्या हल्ल्यानंतर कसाबचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव मुंबईतल्या एका वकील संघटनेने केलाच होता. असे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात सांगितले, तेव्हा त्या निकालातही अर्स्किन यांचा दाखला होता.

शंकेखोर: तत्त्व थोर आहे, परंतु चाळणीला भोके फार. अशील सॉलिसिटरला वगळून थेट आला, तर हा नियम लागूच होत नाही. सॉलिसिटर स्वतः कोणालाही नकार देऊ शकतो. आणि चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात) बॅरिस्टरच्या तारखा व फी क्लार्क ठरवतो, त्यामुळे ‘त्या आठवड्यात साहेब मोकळे नाहीत’ एवढे उत्तर पुरते. व्यापारी खटल्यांतली फी तर गरीब अशिलाला दारातूनच परत पाठवते.

जुना वकील: भोके बुजवावीत, चाळणी फेकू नये. शिवाय या नियमाचा मोठा लाभ नवख्यांना होतो. बारा महिन्यांच्या प्युपिलेजमधून, म्हणजे उमेदवारीतून, बाहेर पडलेला तरुण आज क्राउन कोर्टात (गंभीर फौजदारी खटल्यांच्या कोर्टात) सरकारपक्षातर्फे आणि पुढच्या आठवड्यात आरोपीतर्फे उभा राहतो; ‘असल्या माणसाची बाजू का घेतलीस’ असे त्याला कोणी विचारले, तर नियमाकडे बोट दाखवता येते. नकाराची मुभा मिळाली, की त्याने घेतलेले प्रत्येक प्रकरण त्याचे स्वतःचे मत ठरेल.

धागाकर्ता: फौजदारी आरोपींपुरती मी माघार घेतो. तेल कंपनीचे मात्र तसे नाही. तिला वकिलांचा तुटवडा कधीच पडणार नाही, मग एकाने नकार दिल्याने न्याय कुठे अडतो?

शंकेखोर: इथे मी तुमच्या विरोधात. आज तेल कंपनीला नकार चालत असेल, तर उद्या तेच कारण सांगून दुसरा बॅरिस्टर त्या आंदोलकांनाही नाकारील, आणि त्यांच्यासाठी उभे राहणारे फार नसतात.