तांबडी आणि टाकीमागची अकरा अंडी

ए-२०३: दर रविवारी मी बिल्डिंगीतल्या लेकरांना पुस्तक वाचून दाखवते, त्याचं इथं ग्रुपवर लिहायचं राहिलं होतं. एकट्या पोराची आणि त्याच्या कोंबड्यांची ती कादंबरी घेऊन चार रविवार झाले. मला ती फार आवडली. त्यातल्या कोंबड्या माणसासारखं बोलत नाहीत, कोंबड्याच राहतात. पोरगा त्यांच्याशी बोलतो तेवढंच.
चारशे दोनमधलं लेकरू जूनमध्ये गावाहून लातूरला शिकायला आलं, मामाकडं राहतं. तीन रविवार ते दारातल्या चपलांपाशी बसलं. विचारलं तर हो, नाही, एवढंच. चौथ्या रविवारी कोंबडी अंड्यांवर बसते ते पान वाचत होते, तर मागून आवाज आला, "मावशी, ती नुसती बसत नसते. चोचीनं अंडी फिरवते. नाही फिरवली तर पिल्लू आत चिकटतं." सगळी लेकरं मागं वळली. पुढचा पाऊण तास पुस्तक माझ्या मांडीवर मिटलेलं आणि तो बोलतोय. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी कशी ओळखायची, हात नेला की पिसं फुलवून कशी कुरकुरते, दिवसातून एखाद्या वेळी उठून दाणापाणी करून कशी लगबगीनं परत येते.

सी-१०१: ते ठीक आहे ताई. पण माझ्या खिडकीखाली, टाकीमागं खरीखुरी कोंबडी बसवलीय, त्याचं काय?

ए-२०३: तेच सांगायचंय. वॉचमनमामांची तांबडी कोंबडी खुडूक झाली. त्यांना विचारून मुलांनी टोपल्यात भुसा घातला आणि अकरा अंडी रवणावर, म्हणजे तिच्याखाली उबवायला ठेवली. आज आठवा दिवस. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं. आधी ग्रुपवर विचारायला हवं होतं, ती चूक माझी.

सी-१०१: आमच्याकडं सहा महिन्यांचं बाळ आहे. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता, विसरलात का? टोपलं गच्चीवर न्या.

बी-३०१: काळजी रास्त आहे. जाळी लावू, म्हणजे बाहेरची पाखरं दाण्यावर येणार नाहीत. साबणानं हात धुतल्याशिवाय कुणी वर यायचं नाही. कोंबडी मलूल दिसली तर हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं. मी जन्मभर प्राणीशास्त्र शिकवलं म्हणून एक सांगतो. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली ती मांडली. पोरवयापासून ते कोंबड्या न्याहाळत, नोंदी करत. ह्या लेकराला माझ्याकडून एक वही.

डी-४०४: आमचं माळकरी घर. पिल्लं मोठी झाल्यावर कापायची नाहीत, एवढा शब्द द्या. मग ज्वारीच्या कण्या मी देते.

ए-४०२: मी त्याची मामी. चार महिने लेकरू ताटात बघून जेवायचं. लातूर पॅटर्न, इथला अभ्यास नावाजलेला, म्हणून आणलं आणि आम्ही नुसते मार्क विचारत बसलो. काल दप्तर टाकून खाली पळालं. खालून दोन पोरं नावानं हाका मारत होती. ह्या बिल्डिंगीत त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आता त्यालाच लिहायचंय, फोन देते.

ए-४०२: काका, आत्ता टोपलं हलवलं तर ती उठून जाईल, अंडी गार पडतील. एकवीस दिवस लागतात. अजून तेरा दिवस थांबा. पिल्लं निघाली की मीच गच्चीवर नेतो.

सी-१०१: बरं. तेरा दिवस. जाळी माझ्याकडं पडून आहे, संध्याकाळी घेऊन जा.

बी-३०१: आज रात्री नऊला अंडी टॉर्चवर धरून बघू. पिल्लू वाढत असलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं.

ए-४०२: सर, टॉर्च एकाच्याच हातात द्या. कुणी गलका करू नका. अंधारात ती शांत असते, मी पोटाखालून एकेक काढून देतो. तिला माझा हात माहीत आहे.