जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकायचा आहे. हिशेब तपासून द्याल का?

पहिलाच_व्यवहार:
कोथरूडमध्ये 1988 साली बांधलेल्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट 70 लाखांना मिळतो आहे. सहा लाख खर्चून फरशी, ओटा आणि दोन्ही बाथरूम नवी करावीत व आठ महिन्यांत 85 लाखांना विकावा, असा बेत आहे. 45 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी मिळेल, बाकी रक्कम माझी. एजंट म्हणतात की नऊ लाख सहज सुटतील. यात काय राहून गेले आहे?

हिशेबनीस:
एजंटांनी 85 मधून 76 वजा केले आणि तिथेच थांबले. पुण्यात पुरुषाच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्क अधिभारांसह 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार पडते आणि नोंदणीचे 30 हजार निराळे; शिवाय रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे, किंमत 70 लाखांच्या वर निघाली तर शुल्क त्या रकमेवर लागते. आठ महिन्यांचे व्याज 2 लाख 70 हजार होते. दलाली दोन्ही वेळा एक टक्का धरली तरी घेताना 70 हजार आणि विकताना 85 हजार जातात. बेरीज 85 लाख 45 हजारांवर येते, म्हणजे सगळे मनासारखे झाले तरी पंचेचाळीस हजारांचा तोटा, आणि त्यात सोसायटीचा मेंटेनन्स अजून धरलेलाच नाही. केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळून 70 हजार वाचतील, पण तेवढ्याने हा व्यवहार तरत नाही. अशा धंद्यातला नफा विकताना होत नाही, तो घेतानाच भाव पाडून मिळवावा लागतो.

जुने_बांधकाम:
सहा लाखांचा आकडा मला पटत नाही. त्या काळच्या इमारतींत भिंतीतले पाइप बहुतेक जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, असतात. बाथरूमची फरशी उखडली की ते आतून गंजलेले दिसतात आणि मग एका बाथरूमचे काम घरभर पसरते. माझ्या एका फ्लॅटमध्ये मिस्त्रीने जुना कोबा फोडल्यावर वॉटरप्रूफिंग नीट न करताच टाइल्स बसवल्या. दीड महिन्याने खालच्या आजींच्या देवघरावर ओल उतरली, तेव्हा नव्या टाइल्स फोडून सगळे पुन्हा करावे लागले आणि वर त्यांच्या छताचा रंगही मलाच द्यावा लागला. म्हणून टाइल्स लावण्याआधी बाथरूमचा ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याचे तोंड, बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या घरी जाऊन छत पाहावे. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, राडारोडा कोण उचलणार तेही ठरवावे. खोली मोठी दिसावी म्हणून बीम-कॉलमला हात लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

कर_सल्ला:
दोन वर्षांच्या आत विकल्यास होणारा नफा अल्पकालीन ठरतो आणि तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. वारंवार असे व्यवहार केल्यास आयकर खाते तो धंद्याचे उत्पन्नही मानू शकते. दुरुस्तीचा खर्च वजा मिळवायचा असेल तर पैसे बँकेतून द्या आणि बिले जपून ठेवा, कारण मिस्त्रीच्या वहीतल्या पानाला पुरावा म्हणून फारशी किंमत नसते. किंमत 50 लाखांच्या वर असल्याने विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या रकमेतून आधीच कापायचा कर, तुम्हीच कापून भरायचा आहे, हे नवखे खरेदीदार हमखास विसरतात. विसार देण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल, घ्या, आणि सोसायटीच्या सभासदत्वाचे शेअर सर्टिफिकेट विक्रेत्याच्याच नावावर आहे ना, हेही पाहा.

पहिलाच_व्यवहार:
सर्वांचे आभार. काल खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना विनंती करून त्यांचे बाथरूम पाहिले. छतावर ताटाएवढा पिवळा डाग आहे आणि तो तीन पावसाळ्यांपासून असल्याचे ते म्हणाले. विक्रेत्यांना मी 61 लाख सांगितले आहेत. ते 68 च्या खाली येण्यास तयार नाहीत, त्यामुळे विसार दिलेला नाही.