मदत हवी आहे: डायपरचा रॅश जांघेच्या घडीत पसरलाय, झिंकच्या मलमाने उतरत नाही

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. मुलगी नऊ महिन्यांची आहे. कान दुखत होता म्हणून तिला अँटिबायोटिक दिलं होतं, त्यात जुलाबही झाले. तेव्हापासून ढुंगणावर लाली होती, ती आता जांघेच्या घडीत शिरलीय. घडीतली कातडी लालभडक, ओलसर दिसते आणि कडेला सुट्या सुट्या बारीक लाल पुटकुळ्या आहेत. ताप नाही, दूध नीट पिते. पण शू झाली की कळवळून रडते, पुसायला हात नेला तरी पाय आखडून घेते. बघवत नाही.

दर वेळी डायपर बदलताना झिंक ऑक्साइडचं मलम लावतेय. मागचा रॅश त्यानेच गेला होता, या वेळी काहीच फरक नाही. सासूबाई म्हणतात, डायपर बंद कर, लंगोट बांध आणि पावडर टाक. लंगोटाचं मला पटतं, पण पाऊस असा लागलाय की गॅलरीत कपडे वाळतच नाहीत. काल मेडिकलवाल्या भैयांनी चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली. तिच्यावर क्लोट्रिमाझोल, निओमायसिन आणि बेक्लोमेथासोन लिहिलंय. अजून उघडलेली नाही. लावू का? आमचे नेहमीचे डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर काय करू?

वॉर्डसिस्टर:
ती ट्यूब लावू नका ताई. त्यातलं बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड आहे. डायपरखाली कातडी झाकलेली आणि दमट असते, तिथून औषध जास्त शोषलं जातं. लाली वरवर दबते, कातडी पातळ होते आणि खालचा संसर्ग तसाच राहू शकतो. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची. तरी दुकानातून सर्रास हातात पडतात, याचा मला फार राग येतो.

साधा रॅश शी-शूमुळे होतो. शूमुळे कातडीची आम्लता कमी होते, मग शीमधली एन्झाइम्स तिला जास्त बोचतात. जुलाबात तर विचारूच नका. पण तो रॅश डायपर घासतो तिथे, म्हणजे ढुंगणाच्या आणि मांड्यांच्या फुगीर भागावर असतो, घड्या बहुतेक सुटतात. तुम्ही घडीतली लाली, कडेच्या पुटकुळ्या आणि अँटिबायोटिक, तिन्ही लिहिलंय. हे कॅन्डिडा बुरशीसारखं वाटतं. अँटिबायोटिकने चांगले जीवाणूही मरतात आणि बुरशी फोफावते. झिंक कातडीवर आडोसा धरतं, बुरशी मारत नाही. त्यासाठी नुसतं अँटिफंगल मलम लागतं, तेही डॉक्टरांनी बघून दिलेलं. जिभेवर किंवा गालाच्या आत पुसून न जाणारे पांढरे थर आहेत का, तेही बघा आणि डॉक्टरांना सांगा.

सोमवारची वाट बघू नका, उद्याच दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ताप आला, पू किंवा पाण्याचे फोड दिसले, रक्त येऊ लागलं किंवा बाळ मलूल झालं तर रात्रीच.

रामबागची_आजी:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण पावडर नको. ती उडून बाळाच्या श्वासात जाते आणि ओल्या घडीत तिचे गोळे होऊन आणखी घासतात. हळदही नको.

शी झाली की कोमट पाण्याची धार सोडा, मग मऊ सुती कापडाने टिपा, चोळू नका. वासाचे वाइप्स सध्या बंद. घडी पूर्ण कोरडी झाल्यावरच मलम. झिंकचा थर पोळीला तूप लावतो तसा पातळ नको, चांगला जाड हवा. पुढच्या वेळी तो खरवडून काढू नका, वरची घाण तेवढी पुसा आणि त्यावरच नवा थर द्या. दुपारी मेणकापडावर दुपटं घालून तिला थोडा वेळ उघडंच खेळू द्या, ओलं झालं तर झालं. डायपर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली तर लगेच. जास्त लागतील, लागू देत. कचरा गाडीत सॅनिटरीच्या डब्यात टाकताना कागदात गुंडाळायचं तेवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. आज दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. बुरशीच निघाली. नुसतं क्लोट्रिमाझोल, म्हणजे बुरशी मारणारं मलम दिलंय, लाली गेल्यावरही काही दिवस लावत राहा म्हणाले. वरून झिंक. तोंड स्वच्छ आहे. ती ट्यूब दुकानात परत केली.

लंगोटांचं मात्र सांगा ना, ओलसर राहिले तर परत होईल का?

रामबागची_आजी:
ओलसर लंगोट बांधूच नका, तो डायपरपेक्षा वाईट. गरम पाण्यात धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कपडे मऊ करायचं औषध घालू नका. पंख्याखाली वाळवून कडक इस्त्री फिरवा. वरून प्लास्टिकची चड्डी नको. पाऊस उघडेपर्यंत दिवसा लंगोट आणि रात्री डायपर, असं चालवा.