मदत हवी आहे: पॉवर रेंजर्स सगळे करडे दिसतायत

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीहून दादाने त्याचा जुना सुपर निन्टेंडो (टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) आणि १९९४ ची 'मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स'ची कार्ट्रिज (गेमची डबी) आणली. अमेरिकेतला ॲडॉप्टर १२० व्होल्टचा, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधीच लावलाय. गेम पहिल्या झटक्यात सुरू झाला, अंगावर काटाच आला!

अडचण चित्राची आहे. माळ्यावरचा डबा टीव्ही काढून जोडला, तर सगळं काळं-पांढरं. टीव्ही फक्त पाल (आपल्याकडची जुनी रंगीत टीव्हीची पद्धत) घेतो आणि कन्सोल एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) देतो, हे कळलं. पण लाल रेंजर जेसन आणि गुलाबी रेंजर किंबर्ली रंगावाचून ओळखायची कशी? मॉर्फ झाल्यावरची (रेंजरचं रूप घेतल्यावरची) सगळी मजा रंगातच आहे.

नव्या एलईडीवर स्वस्तातला एव्ही-टू-एचडीएमआय डबा (जुन्या केबलचं चित्र नव्या टीव्हीसाठी बदलणारा कन्व्हर्टर) लावून पाहिला. रंग आले, पण बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते, पात्रांच्या कडा थरथरतात. टीव्हीचा गेम मोड (उशीर कमी करणारी सेटिंग) चालूच आहे.

हा कन्व्हर्टर डबा कन्सोलच्या २४०पी (२४० ओळींच्या, सलग) चित्राला ४८०आय (एकाआड एक ओळींचं) समजतो म्हणून असं होत असेल का? एस-व्हिडिओ केबल (जास्त स्पष्ट चित्र देणारी) आणि चांगला अपस्केलर (चित्र मोठं करून नव्या टीव्हीला देणारं यंत्र) घेतला तर उशीर जाईल, की पाल-एनटीएससी दोन्ही घेणारा जुना ट्रायनिट्रॉन (सोनीचा डबा टीव्ही) शोधू? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. दादा महिनाभरच इथे आहे, आणि मेगाझॉर्डची (रेंजर्सच्या महाकाय रोबोची) लढाई आम्हाला एकत्र खेळायची आहे.