जपानी गुंटोचा गोंडा : आतली बाजू लाल की निळी, आणि अस्सल कसा ओळखायचा?

परज_आणि_मूठ :
टाइप ९८ लष्करी गुंटोसाठी (दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली जपानी लष्करी अधिकाऱ्याची तलवार) सुटा गोंडा बघतो आहे. विक्रेता ‘मेजर ते कर्नल दर्जाचा’ म्हणून जास्त किंमत सांगतो. फोटोत बाहेरची बाजू तपकिरी आहे, आतली मात्र मळकट, धड लाल नाही, धड निळी नाही. खात्री कशी करावी? आणि मुठीला बांधायचा कसा?

जुने_पोलाद :
आधी रंगाचे बघू. लष्करी अधिकाऱ्यांच्या गोंड्याची बाहेरची बाजू तपकिरी असते, दर्जा आतल्या बाजूवरून ठरतो. सेकंड लेफ्टनंट ते कॅप्टन निळी, मेजर ते कर्नल लाल, जनरलला लालसोबत सोनेरी धाग्याचे काम.

उन्हाने निळा करडा-हिरवट होतो, लाल विटकरी किंवा फिका गुलाबी. दोन्हींवर मळ बसला की फोटोत सारखेच दिसतात. म्हणून विक्रेत्याकडून दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय दोन फोटो मागवा: सरकती गाठ थोडी बाजूला करून तिच्याखालची दोरी, आणि गोंड्याच्या बोंडात शिरणारी दोरी. तिथे ऊन पोचत नाही, मूळ रंग टिकतो. हे फोटो द्यायला विक्रेता तयार नसेल तर लाल रंगाची किंमत देऊ नका.

याच जागा बनावटही उघड करतात. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला गोंडा गाठीखालीही बाहेरइतकाच पिवळट असतो. खऱ्या जुन्यात झाकलेला भाग गडद आणि उघडा भाग विटलेला असा फरक दिसायलाच हवा.

रेशमी_पीळ :
धाग्याची परीक्षाही करा. अस्सल गोंडे रेशीम, सूत किंवा रेयॉनचे. उसवलेल्या टोकाचा ३-४ मिमीचा एकच धागा चिमट्यात धरून जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. सूत आणि रेयॉन कागदासारखे जळतात. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन, म्हणजे महायुद्धानंतरचा माल. ही परीक्षा खरेदीआधी कोणी करू देत नाही, त्यामुळे परतीची अट आधीच लेखी घ्या.

अतिनील टॉर्चखाली निळसर-पांढरा झगझगीत उजेड दिसला तर संशय घ्या, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. आजच्या साबण-पावडरीत चकाकी आणणारी रसायने असतात. कोणी अस्सल गोंडा धुतला असेल तर तोही चमकेल.

परज_आणि_मूठ :
दोन्ही बाजूंनी तपकिरीच असेल तर?

जुने_पोलाद :
मग तो नौदलाचा, बिगर-कमिशन्ड अधिकाऱ्याचा किंवा लष्कराच्या नागरी कर्मचाऱ्याचा असू शकतो. तुमच्या टाइप ९८ अधिकारी तलवारीला तो जुळत नाही. मात्र तलवारीवर आधीपासून असलेला गोंडाही मालकाच्या दर्जाचा पुरावा नव्हे. अधिकारी तलवार आणि गोंडा स्वतःच्या पैशाने घेत, बढतीला गोंडा बदलत, आणि युद्धानंतर विक्रेत्यांनी अदलाबदलही खूप केली.

बांधणे सोपे आहे. मुठीच्या टोकाला सारुते नावाची कडी असते. दोरीचा दुमडलेला फास तिच्यातून काढा, दोन्ही गोंडे त्या फासातून ओवा आणि हलक्या हाताने ओढा. जुना धागा झटक्याने तुटतो, आणि तुटतो तो नेमका कडीवर घासणाऱ्या जागी. कडीला हिरवा थर असेल तर आधी कोरड्या लाकडी काडीने खरवडून काढा. त्या काळची बांधणी शाबूत असेल तर ती सोडूच नका. घड्या उलगडल्या की धागे फाटतात, मूळ बांधणीही कायमची जाते.

रेशमी_पीळ :
धुवायचा तर अजिबात नाही. आतला रंग तपकिरीत उतरतो. मऊ ब्रशने धूळ झटका, व्हॅक्यूमच्या नळीला जाळी लावून ओढून घ्या. कसर किंवा अळी दिसली तर प्लास्टिक पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव सुटून गोंडा ओला होतो. डांबरगोळ्या गोंड्याला टेकतील अशा ठेवू नका. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तो तलवारीवर टांगण्यापेक्षा आम्लरहित कागदात सैल गुंडाळून सिलिका जेलसोबत डब्यात ठेवलेला बरा.