मैल्याच्या गाळाचं (सांडपाणी शुद्ध करताना उरणाऱ्या गाळाचं) कंपोस्ट शेतात घालावं का?

काळी_माती: माझा विरोध आहे. वासामुळे नाही, जंतूंमुळेही नाही. ढीग नीट तापला तर जंतू मरतात. गाळातलं कॅडमियम, म्हणजे विषारी जड धातू, मरत नाही. उलट कुजताना सेंद्रिय भाग वायू होऊन उडतो, ढिगाचं वजन घटतं, धातू तेवढाच उरतो. म्हणजे किलोमागे प्रमाण वाढलंच. मग पाऊस पडला की सगळं विहिरीत!

नळीवाला: शेवटचं वाक्य सोडून सहमत. मी हे करून पाहिलंय. प्लास्टिकच्या उभ्या नळीत माती, वर कंपोस्ट, त्यावर रोज मोजून पाणी. सुरुवातीला खालच्या बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी उतरतं. तो विरघळलेला सेंद्रिय भाग. त्याला धरून थोडं तांबं येतं. पुढे पाणी निवळतं, तांबंही घटतं. शिसं तर वरच्या थरातून हलायलाच तयार नसतं. विहिरीची भीती घालू नका राव.

काळी_माती: बरं, विहीर मागे घेतो. पण हलत नाही हे चांगलं कसं? इंग्लंडात वोबर्नच्या प्रयोगशेतात १९४२ ते १९६१ गाळ घातला. बंद केल्यावर कित्येक वर्षांनीही बरेचसे धातू तिथेच होते, आणि क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची पार वाट लागली होती.

आकडेमोड: भांडण्याआधी हिशेब करा. हेक्टरी वरची १५ सेंमी माती धरा २० लाख किलो. वर्षाला १० टन कोरडं कंपोस्ट, त्यात किलोला ५ मिग्रॅ कॅडमियम, म्हणजे ५० ग्रॅम. मातीत किलोमागे १ मिग्रॅची भर पडायला ४० वर्षं. अमेरिकेच्या १९९३च्या नियमात ३९ मिग्रॅपर्यंतचा गाळ चालतो. तो घातला तर जेमतेम ५ वर्षं! युरोपच्या १९८६च्या निर्देशात मातीची मर्यादाच १ ते ३ मिग्रॅ आहे. दोघंही ‘कंपोस्ट’ म्हणताय, पण कुठलं?

नळीवाला: तपासलेलं, अर्थात. शिवाय एकूण धातू आणि पिकाला मिळणारा धातू यांत फरक असतो. मातीचा सामू (पीएच) ७च्या आसपास असेल तर कॅडमियम मातीला बरंच बांधलेलं राहतं.

काळी_माती: आणि अमोनियायुक्त खतं घालून घालून माती आम्ल होऊन सामू साडेपाचवर आला की? बांधणारा सेंद्रिय भागही कायम टिकत नाही.

नळीवाला: त्यावर मतभेद आहेत. गाळातली लोहाची ऑक्साइडं कुजत नाहीत, तीही धातू धरतात. सामूचं मात्र मान्य. चुना घालत राहावं लागतं.

काळी_माती: स्वित्झर्लंडनं २००३पासून टप्प्याटप्प्यानं बंदीच आणली.

नळीवाला: आणि गाळ जाळायला लागले. मग गाळातून किंवा त्याच्या राखेतून स्फुरद (फॉस्फरस) परत काढा म्हणून २०१६मध्ये वेगळा नियम करावा लागला!

आकडेमोड: नळीवाले, तुम्ही स्वतः पालकाच्या वाफ्यात घालाल?

नळीवाला: पालकाला नाही, पानात कॅडमियम जास्त चढतं. लाकडासाठी लावलेल्या झाडांना खुशाल घालीन.

काळी_माती: आणि झाडं तोडून पुढच्या मालकानं तिथे पालक लावला तर? त्याला कोण सांगणार?